सातवी कळशी

“फोरमन कोण?” शिरस्तेदारांनी विचारलं आणि उरलेल्या चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत होतो. आम्हा पाचजणांत कोट फक्त माझ्या अंगावर होता. लग्नातला होता, काखेत काचत होता, पण कोट तो कोट. “नको हो, मी कसला,” असं मी दोनदा म्हणालो आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत कुणी दुसऱ्याचं नाव घेईल या भीतीनं उठून उभा राहिलो.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे सेशन्स कोर्टात ज्यूरी बसायची. गावातल्या बऱ्या म्हणवणाऱ्या माणसांना समन्स यायचं, आणि त्यांच्या वतीनं बोलणारा म्होरक्या तो फोरमन. आरोपी दोषी की निर्दोष एवढं त्यांनी सांगायचं, शिक्षेचं जज्जसाहेब बघायचे. मी श्रीपाद वेळापुरे, बाजारपेठेतला भांड्यांचा दुकानदार, वय तेव्हा छत्तीस. समन्स आल्यापासून आठ दिवस मी गिऱ्हाइकांशीसुद्धा सावकाश, तोलूनमापून बोलत होतो. जेवताना गप्प बसलो तर बायकोनं, प्रमिलेनं, विचारलं, “आमटीत मीठ कमी आहे, की निकाल राखून ठेवलाय?”

आरोपीच्या पिंजऱ्यात हरबा टोणपे उभा होता. घरांना चुना देणारा माणूस. सात महिने कच्च्या कैदेत काढून आला होता. बापूसाहेब चिटणीस या रिटायर मामलेदारांच्या घराला त्यानं दिवाळीआधी चुना दिला. पुढं पंधरा दिवसांनी चिटणीस मंडळी परगावी लग्नाला गेली असताना त्यांच्या घराचं मागचं दार फोडून चांदीची भांडी आणि कपडे चोरीला गेले. पोलिसांनी हरबाच्या घराची झडती घेतली. चांदी सापडली नाही, कपडे सापडले नाहीत. सापडली एक पितळेची कळशी, आणि तिच्या गळ्याखाली ठळक अक्षरांत नाव होतं : बा. रा. चिटणीस.

“कळशी माझी,” बापूसाहेबांनी साक्षीत सांगितलं. “नाव माझं आहे.” यावर आणखी काही विचारण्यासारखं कुणालाच वाटलं नाही. आरोप घरफोडीचा होता. आम्ही दोषी म्हटलं तर हरबा पाच-सात वर्षं आत जाणार, हे शिरस्तेदारांनी मला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं, आणि ते ऐकून माझी मान आणखीच ताठ झाली होती.

जज्जसाहेबांनी सुरुवातीलाच आम्हाला बजावलं. “या खटल्यातलं काही तुमच्यापैकी कुणाला स्वतःच्या माहितीनं ठाऊक असेल, तर ते मला उघड कोर्टात सांगायचं. आतल्या खोलीत आपापसांत नाही.” मी सगळ्यांच्या वतीनं गंभीरपणे मान डोलावली.

हरबाची बायको अनसा तिच्या माहेरच्या गावाहून भावाबरोबर साक्षीला आली होती. सरकारी वकिलांनी तिला विचारलं, “कळशी कुठून आणली?”

“बोहारणीकडनं घेतली.”

“कशावर?”

“लग्नातलं लुगडं दिलं. जरीचं हुतं.”

“कोण बोहारीण? नाव काय तिचं?”

“बोहारणीला नाव कोन इचारतंय? दारावर येत्यात, जुनेर घेत्यात, भांडं देत्यात.”

“आणि कळशीवर दुसऱ्याचं नाव आहे हे तुला दिसलं नाही?”

“मला वाचाया येत न्हाई,” अनसा म्हणाली. “मला नक्षी वाटली.”

कोर्टात हशा पिकला. मीही हसलो, फोरमनला शोभेल इतपत. हरबा तेवढा हसला नाही. बायको बोलत होती तेवढा वेळ तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मी ते बरोबर टिपून ठेवलं.

दुपारच्या सुट्टीत आतल्या खोलीत चहा आला. पाचजणांत एक सायकलदुकानवाला होता, एक छापखान्याचा मालक होता, ते दोघं बहुतेक वेळ गप्पच असत. कापडवाले कोठारी दर पंधरा मिनिटांनी घड्याळ काढत. आणि परचुरे मास्तर, शाळेतले जुने ड्रॉइंगमास्तर, सत्तरीला आलेले.

“बाई खरं बोलत असेल तर?” मास्तर म्हणाले.

आता ते मलाच विचारत होते असं नाही, पण मी उत्तर द्यायला टपलेलाच होतो. “मास्तर, मी पंधरा वर्षं भांडी विकतोय. नाव घालायचं काम स्वतःच्या हातानं करतो. नाव घातलेलं भांडं ज्याचं त्याच्या घरी जातं. कुठलाही दुकानदार ते दुसऱ्याला विकत नाही, बोहारणीला देणं तर लांबच राहिलं. नाव घातलेली कळशी बोहारणीच्या पाटीत कधी कुणी पाहिलीय का?”

कुणीच पाहिली नव्हती.

“आणि नवऱ्याकडे बघितलंत? बायको बोलत असताना एकदाही मान वर केली नाही त्यानं. ती खोटं बोलतेय हे त्याला ठाऊक होतं.”

“वा,” कोठारी म्हणाले. “मग उद्या चारपर्यंत आटपेल.”

मास्तरांनी उरलेला चहा संपवला. त्यांना मी गप्प केलं याचा मला आनंद झाला. घरी जाताना कोट खांद्यावर टाकून मुद्दाम बाजारपेठेतून गेलो.

दुसऱ्या दिवशी वकिलांची भाषणं झाली आणि मास्तरांनी उठून अगदी नम्रपणे विचारलं, “ती कळशी आम्हाला जवळून बघता येईल का?” पट्टेवाल्यानं मुद्देमालाच्या टेबलावरची कळशी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, ड्रॉइंगमास्तरच ते. म्हणाले, “अक्षर सुरेख आहे.” मग ती माझ्याकडे आली.

अक्षर सुरेख असणारच होतं. ते माझं होतं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, चिटणिसांची भांडी माझ्याच दुकानातली. पण कळशी फिरवताना माझा अंगठा तिच्या गळ्याच्या मागे, नावाच्या बरोबर उलट बाजूला, एका पोच्यात बसला. हातोडीच्या तोंडाएवढा गोल पोचा. तो मी पाडला होता, माझ्या हातानं, रागारागानं.

दोन वर्षांपूर्वी बापूसाहेबांनी घरासाठी सहा कळशा घेतल्या आणि त्यांवर नाव घालायला सांगितलं. दुपारची वेळ होती. मी छिन्नी चालवता चालवता समोर बसलेल्या एका गिऱ्हाइकाला माझा हात कसा कधी चुकत नाही ते समजावत होतो. दुकानावर माझी पाटीच होती, ‘नावात चूक दाखवा, भांडे फुकट न्या.’ त्या पाटीचा इतिहास सांगण्याच्या भरात मी शेजारी उभी असलेली सातवी कळशीही पुढं ओढली आणि तिच्यावरही बा. रा. चिटणीस घालून मोकळा झालो. गिऱ्हाईक गेलं, मी मोजलं आणि हातोडी उचलून त्या बिचारीच्या मानेवर एक घातली.

बापूसाहेबांना सातवीही घ्या म्हटलं असतं तर त्यांनी घेतलीही असती. पण मग चूक झाली असं म्हणावं लागलं असतं. ती कळशी मी पोत्यात गुंडाळून ठेवली. बोहारणी आपली भांडी माझ्याच दुकानातून न्यायच्या. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्यातली एक लांबच्या मुलखात चाललीय असं कळलं तेव्हा बाकीच्या मालात ही तिच्या गळ्यात मारली. ती लांब जायच्या आधी आमच्याच गावात चार दारं फिरली असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मग ती कळशी विसरायची असं ठरवून मी इतकी पक्की विसरलो, की आदल्या दिवशी भर कोर्टात बोहारीण हा शब्द दहा वेळा ऐकूनही माझ्या आत काही हललं नव्हतं.

तिथंच उठून बोलायला हवं होतं. जज्जसाहेब समोर होते, त्यांनी सांगून ठेवलं होतं. मी काय केलं? कळशी कोठारींच्या हातात दिली आणि रुमालानं मान पुसली. म्हटलं, डोकं चालवू. आतल्या खोलीत जाऊन या चौघांना असं फिरवतो की हरबाही सुटेल आणि पाटीही राहील.

तासाभरानं आम्हाला विचार करायला आत पाठवलं. मी खाकरलो.

“मला आता असं वाटतं, की शंका घ्यायला जागा आहे.”

“कुठली?” कोठारींनी विचारलं.

“म्हणजे, असतेच. कुठल्याही गोष्टीत असते.”

“काल तर तुम्ही म्हणालात, नाव घातलेलं भांडं कुणी विकत नाही.”

“काल मी सर्वसाधारण बोललो.”

“आणि तो नवरा मान वर करत नव्हता, ते?”

“त्याची मान दुखत असेल.”

सायकलवाला पहिल्यांदाच बोलला. “शेट, तुम्ही काल इतकं पटवून सांगितलंत. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.” छापखानावाल्यानं मान हलवली. त्यानंही सांगितलं असावं.

“पाचात तिघांचं मत पडलं की झालं,” कोठारी म्हणाले. “दोषी कोण कोण म्हणतं?” त्यांनी स्वतःचा हात वर केला. सायकलवाल्याचा वर गेला, छापखानावाल्याचा गेला. मी मास्तरांकडे पाहिलं.

“वेळापुरे,” मास्तर म्हणाले, “मला त्या बाईचं खरं वाटलं होतं. मी शाळेत चाळीस वर्षं खोटं बोलणारी तोंडं पाहिलीत, तिचं तसं नव्हतं. पण भांड्यांतलं मला काय कळतं? तुम्हाला कळतं. तुम्ही पंधरा वर्षांचं सांगितलंत ते मी मानलं. आता तुम्हीच गुळमुळीत बोलताय, ते का, मला समजत नाही. कारण असेल तर सांगा. नसेल तर मीही दोषीच म्हणतो, तुमच्या शब्दावर.” आणि त्यांनी हात वर केला.

त्यांच्या त्या हाताकडे बघवेना. मला भयंकर लाज वाटली. कोट घालून आल्यापासून मला जे काही वाटत होतं, त्यात ही पहिली खरी गोष्ट होती.

“कारण आहे,” मी म्हणालो. “पण ते इथं सांगता येत नाही. मला बाहेर जाऊन बोलायचंय.”

“म्हणजे चारला आटपत नाही,” कोठारी म्हणाले.

बाहेर आल्यावर जज्जसाहेबांनी विचारलं, “निर्णय झाला?”

“नाही साहेब. मला साक्ष द्यायचीय.”

असं त्या कोर्टात आधी कधी घडलं नसावं, कारण शिरस्तेदारांच्या हातातला टाक तसाच राहिला. साहेबांनी मला ज्यूरीच्या बाकावरून उठवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली. मी सगळं सांगितलं. सहा कळशा, सातवी, हातोडी, बोहारीण. पोचाही दाखवला. सरकारी वकील उठले.

“तुमच्या दुकानावर एक पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते कोर्टाला सांगा.”

मी पाठच म्हटली.

“म्हणजे तुम्ही चूक करता.”

“करतो.”

“किती वेळा केलीत?”

“उघडकीला आलेली ही पहिली.”

लोक हसले. आदल्या दिवशी अनसाला हसले होते तेच लोक, त्याच आवाजात.

“ही कळशी सकाळी तुमच्या हातात आली. तेव्हा गप्प का बसलात?”

“भीतीनं.”

“कुणाच्या?”

“पाटीच्या,” मी म्हणालो, आणि साहेबांनी हसणाऱ्यांना गप्प बसवलं.

साहेबांनी बापूसाहेबांना विचारलं, घरी आता कळशा किती आहेत? बापूसाहेबांना सांगता येईना. त्यांनी मोजल्याच नव्हत्या. पोलिसांनी नाव दाखवलं, त्यांनी माझी म्हटलं. माणूस खोटा नव्हता, स्वतःच्या नावावर त्याचा फार विश्वास होता इतकंच. पोलीस शिपायाला बरोबर देऊन त्यांना घरी पाठवलं. तासाभरानं टांग्यातून पाच कळशा आल्या, आणि सहावी, गेल्या श्रावणात शेजाऱ्यांकडे मंगळागौरीला गेलेली, शिपाई काखेत मारून घेऊन आला. टेबलावर सात कळशा ओळीनं मांडल्या. सगळ्यांवर एकच नाव, एकच वळण. बापूसाहेबांनी त्या बोटानं एकदा मोजल्या आणि ते खाली बसले.

आम्ही पुन्हा आत गेलो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. मी फोरमन होतोच अजून. “निर्दोष,” मी म्हणालो. इतके दिवस आरशासमोर घोटलेला आवाज ऐनवेळी चिरकला.

बाहेर पायरीवर हरबा उभा होता. तो पाया पडेल अशी माझी खात्री होती. ‘अरे ऊठ, मी फक्त कर्तव्य केलं,’ हे वाक्य मी जिना उतरताना जुळवून ठेवलं होतं. त्यानं पाया पडायचं नाव काढलं नाही.

“शेट,” तो म्हणाला, “म्हंजी अनसा खरं बोलत हुती?”

“अगदी खरं.”

“मला वाटलं, तिनंच उचलली. चुना कालवाया पानी लागतं, त्यासाठी ती संगं हुती त्यांच्या घरी. झडतीच्या दिशी इचारलं तिला. ती आपलं बोहारीन, बोहारीन. मी म्हनलं, चोरी केलीस ती केलीस, वर माझ्यासंगं खोटं बोलतीस. जा भावाकडं, तोंड दावू नगंस.”

“आणि पोलिसांना तू सांगितलं नाहीस?”

“बायकू हाय,” हरबा म्हणाला. “तिला कशी देऊ त्यांच्या हातात?”

सात महिने तो तिच्यासाठी आत बसला होता, तिला चोर समजून. ती बोलत असताना मान खाली होती ती त्यासाठी. मी मात्र त्या मानेवर केवढं व्याख्यान झोडलं होतं.

“तुमी आत जे बोलला, ते तिला यून सांगा,” तो म्हणाला. “माझं ती ऐकायची न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आम्ही तिच्या भावाच्या गावी गेलो. हरबा घरासमोरच्या बाभळीखाली थांबला, पुढं यायला तयार होईना. अनसा अंगणात शेंगा फोडत बसली होती. भावानं मला पाणी दिलं. मी कालचं सगळं पुन्हा सांगितलं, हातोडीसकट. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

“मला काय सांगताय?” ती शेवटी म्हणाली. “मला ठावंच हाय की. लुगडं माझं गेलं.”

“हो, पण आता कोर्टानंही मान्य केलं.”

“कोर्ट हसलं हुतं.”

“मीही हसलो होतो,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

“बघितलं म्या,” ती म्हणाली. रागावून नाही, आहे ते सांगितल्यासारखं. मग तिनं बाभळीकडे न बघता विचारलं, “त्यो आलाय न्हवं?”

“आलाय. येऊ का म्हणून विचारतोय.”

अनसानं फोलपटं झटकली, सूप उचललं आणि उभी राहिली.

“बसू द्या त्याला. म्या इचार करती.”

“किती वेळ?” मी विचारलं. मला परतीची गाडी होती.

“त्यानं सात म्हैनं केला,” ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

मी बाभळीखाली गेलो. “काय म्हनाली?” हरबानं विचारलं. “विचार करतेय,” मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि तो खाली बसला. त्याला एकट्याला तिथं सोडून जायचं माझ्याच्यानं होईना, म्हणून मीही शेजारी मातीत बसलो. पाचची एसटी आली, थांबली आणि गेली, आणि आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत होतो.